बिनचिठ्ठीचा चौथा

आमच्या तिघांचा छंद बाहेर कुणाला समजावून सांगायचा म्हटलं की पंचाईत होते. आमच्या वयाची बाकीची मंडळी तिकिटं जमवतात, कुंड्यांना पाणी घालतात किंवा सरळ दुसऱ्याच्या सुनेबद्दल बोलतात. आम्ही लेझर जमवतो. तेसुद्धा दुकानात मिळणारे लाल-हिरवे नव्हेत, ते काय कुणीही जमवेल. आम्हाला लागतात अडनिडे रंग. निळाही नाही आणि हिरवाही नाही असा एखादा, किंवा लाल म्हणावा तर नारिंगीला वाईट वाटेल असा. मोडक्या प्रोजेक्टरांतून, जुन्या छपाईयंत्रांतून, भंगारात निघालेल्या कसल्या कसल्या पेट्यांतून आम्ही ते उपसून काढतो. एकेक डायोड, म्हणजे उजेड पाडणारा तुकडा, पेन्सिलीमागच्या खोडरबराएवढा, आणि प्रत्येकाच्या रंगाला एक आकडा, त्याच्या तरंगलांबीचा. आकडा लहान असला की रंग जांभळ्याकडे झुकतो, मोठा असला की लालकडे. सातशेच्या पुढे डोळ्याला दिसणं संपत येतं. उजेड मात्र संपत नाही. हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. पाठ असणं आणि लक्षात असणं यांत फरक असतो, तो मला एका रविवारी सकाळी कळला.

तिघं म्हणजे बाई, घड्याळजी आणि मी. बाईंनी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. अजूनही समोरचा नीट बसल्याशिवाय त्या तोंड उघडत नाहीत. घड्याळजी माझा शाळेपासूनचा मित्र. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्याला दुकान म्हणायचं ते केवळ शटर आहे म्हणून, नाहीतर कपाटच. आमच्यात तो एकटा अजून काम करतो, आणि करतो ते उजव्या डोळ्याच्या जोरावर. त्या डोळ्याला भिंग लावून तो मनगटी घड्याळात असा स्क्रू बसवतो, जो मला चष्म्यातूनही धुळीचा कण वाटतो. डावा डोळा त्याच्या मते "नुसता जोडीला" आहे.

राहिलो मी. मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले आणि खोट्या वजनांवर खटले भरले. दोघंही मला साहेब म्हणतात. बाई आदराने, आणि घड्याळजी उरलेल्या कारणांसाठी.

माझ्या घरामागच्या खोलीत, खिडकीला घोंगडी ठोकून, आम्ही दर रविवारी जमतो. डोळ्यांवर जाड रंगीत काचांचे चष्मे असतात. पण चष्म्यातून रंग कळत नाही, म्हणून पैजेसाठी आमची एक रीत आहे. एकाने मांडायचं. म्हणजे पाच डायोडांवरच्या आकड्याच्या चिठ्ठ्या काढायच्या, नुसते एक ते पाच नंबर चिकटवायचे, प्रत्येकाचा जोर मीटरवर मोजून अगदी निरुपद्रवी करायचा, आणि करड्या पुठ्ठ्यावर ठिपका पाडायचा. बाकीच्या दोघांनी चष्मे उतरवून नुसत्या डोळ्यांनी आकडा ओळखायचा. ही आमची बिनचिठ्ठीची पैज. चष्मा उतरवणारा पूर्णपणे मांडणाऱ्याच्या भरवशावर असतो. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. मित्रांत असलं काही लिहीत नाहीत.

पैज घड्याळजी जिंकतो. दर वेळी. आणि जिंकतो त्याचं काही नाही, जिंकल्यावर बोलतो. "साहेबा, तुझ्या डोळ्यांना खात्याने पेन्शन दिलं नाही वाटतं?" हे मी चार महिने ऐकत होतो.

त्या रविवारी मांडायची पाळी माझी होती. चार डायोड मी आदल्या दिवशीच, बाईंकडून तासभर मीटर आणून, मोजूनमापून ठेवले होते. पाचवा काही ठरेना. सकाळी दात घासताना मला कल्पना सुचली. दात घासताना सुचलेल्या कल्पनेवर चूळ भरेपर्यंत तरी थांबावं, पण मी थांबलो नाही. चौथ्या नंबरला मी आठशे आठ ठेवला. तो डोळ्याला जवळपास दिसतच नाही. करंट इतका कमी द्यायचा की तो धड पेटणारही नाही; घड्याळजी कोऱ्या पुठ्ठ्याकडे टक लावून बसेल आणि शेवटी म्हणेल, "हा मेलाय." त्यावर मी काय म्हणायचं तेही ठरलं होतं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

मीटर बाईंच्या ताब्यात असतं. ते ऐनवेळी मागितलं असतं तर त्यांना वास लागला असता. म्हणून चौथा मी मोजला नाही.

पहिले तीन नंबर झाले. घड्याळजीने तिन्ही ओळखले, बाईंनी दोन. तिसरा हिरवा होता, त्याला करंट जास्त लागतो. मी चौथा जोडला, करंटच्या पेटीवरची चकती विसावर आणली आणि बटण दाबलं.

"पेटलाय का?" बाई खुर्चीतूनच म्हणाल्या.

"पेटलाय," मी म्हणालो. चेहरा मी सरकारी ठेवला होता.

"मला नाही बाई काही सांगता येत. असेल, नसेल. मी सोडला."

घड्याळजीने खुर्ची पुढे ओढली. डावा डोळा मिटला, ही त्याची सवय. मान खाली, नाक पुठ्ठ्यापासून वीतभर. खिशातून त्याने आपला चिमटा काढला, घड्याळवाल्यांचा असतो तो लखलखीत, टोकदार, आणि ठिपका असायला हवा तिथे तो पुठ्ठ्यावर हळूहळू फिरवू लागला.

"काय शोधतोयस?" मी हसू दाबत विचारलं.

"गप्प बस. आहे काहीतरी." चिमटा थांबला. थोडा वळला. परत आला. "लाल आहे. अगदी विझत आलेला लाल. सातशे ऐंशी? नाही." तो आणखी वाकला. "आठशे. आठशे पाच-सात असेल. लिहा बाई, आठशे पाच."

माझं हसू तोंडातच गोठलं. मी घाईने बटण बंद केलं.

"काय रे, बरोबर ना? अरे तोंड बघा याचं! बाई, बरोबरच आहे!" तो टाळ्या पिटत होता. "मला न दिसणारा दाखवायला निघाला होता लेकाचा! साहेबा, मला अंधारसुद्धा दिसतो, कळलं?"

बाईंनी लिहिलं नाही. पेन हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आठशेच्या पुढचा दिसला कसा पण, साहेब? किती सोडला होतात?"

"थेंबभर," मी म्हणालो.

ते खरंच आहे असं मला त्या क्षणी वाटत होतं. म्हणजे, वाटत राहावं अशी माझी फार इच्छा होती.

दोघं गेल्यावर मी सामान आवरायला घेतलं. करंटच्या पेटीवर चकतीशेजारी एक छोटा खटका आहे. तो खाली असला की चकतीवरचा आकडा तोच खरा. वर असला की दहापट. तिसऱ्या, हिरव्या नंबरसाठी मी तो वर केला होता.

तो वरच होता.

दुकानदाराने काट्यावर दहापट वजन लावलं तर मी त्याचा परवाना काढून घेत असे. आता मी त्या खटक्याकडे पाहत उभा राहिलो. डायोड दिसणारा असता तर पेटताक्षणी सगळ्यांनी डोळे मिटले असते, मला शिव्या घातल्या असत्या आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. जे दिसत नाही त्याच्यापुढे पापणी मिटत नाही. उलट माणूस ते बघायला डोळा ताणून पुढे जातो.

मी चष्मा चढवला आणि चौथा परत पेटवला, तसाच, खटका वर ठेवून. मीटर बाई इथेच विसरून गेल्या होत्या. मीटर म्हणालं, एकशे चाळीस मिलीवॅट. आमची मर्यादा एक.

पुठ्ठा खडबडीत असतो, मी स्वतःला समजावलं. खडबडीत पुठ्ठा उजेड पसरवून टाकतो, एका जागी ठेवत नाही. मग मला चिमटा आठवला.

माझ्याकडे तसा चिमटा नव्हता. मी स्वयंपाकघरातून स्टीलचा चमचा आणला. फोनचा कॅमेरा असला उजेड पाहू शकतो, जांभळा दाखवतो. घड्याळजीची खुर्ची होती तिथेच ठेवली, तिच्या पाठीवर माझा पांढरा शर्ट टाकला आणि फोन समोर धरून चमच्याचं टोक पुठ्ठ्यावर फिरवू लागलो, तो फिरवत होता तसं. थोडा वेळ काही दिसलं नाही. मग फोनच्या पडद्यावर शर्टाच्या कॉलरपाशी एक जांभळा किडा दिसला. चमचा वळला तसा तो सरकला, वर आला, कॉलरच्या वर, जिथे माणसाचा चेहरा असतो तिथून आरपार जाऊन मागच्या भिंतीवर पोचला. चमचा परत आणला. किडा परत आला.

बाहेर भर दुपार होती. घोंगडीच्या कडेतून ऊन आत येत होतं. मी त्या खुर्चीवर बसलो नाही. जमिनीवर बसलो.

तेव्हाच उठून दुकानावर जायला हवं होतं, हे कुणालाही कळेल. मलाही कळत होतं. पण भीतीला एक वकील असतो आणि तो फार हुशार असतो. तो म्हणाला, त्याला काही झालं असतं तर तो ओरडला नसता का? मी पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं की डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही. जळला तरी दुखत नाही. आणि मधे भोक पडलं तर मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून ते झाकून टाकतो, म्हणून माणसाला बरेच दिवस कळतही नाही. म्हणजे झाकाझाकीत मेंदूही आमच्या खात्यातलाच निघाला. मी पुस्तक मिटलं. वकील म्हणाला, उद्या नुसतं बघून तर येऊ.

सोमवारी मी दुकानावर गेलो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, काउंटरवर पट्ट्यांचा गठ्ठा सोडवत होत्या. घड्याळजी आत दिव्याखाली भिंग लावून वाकलेला.

"या भावजी. आज सोमवारी कसे? घड्याळ बंद पडलं?"

"नाही, सहज. डोळा कसा आहे?"

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच. हवा बदललीय."

वहिनींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. आतून घड्याळजी म्हणाला, "हरलेल्या माणसाची हवा बदलतेच." नेहमीचं बोलणं, नेहमीचा आवाज. माझ्या जिवात जीव येणार एवढ्यात टेबलावर टिक् असा बारीक आवाज झाला. त्याच्या हातून स्क्रू पडला होता.

तो स्क्रू शोधू लागला. मीही शोधू लागलो.

"तू कशाला वाकतोस? तुला हत्ती पडला तरी सापडायचा नाही."

स्क्रू त्याने बोटाने चाचपून काढला, डोळ्याने नाही. मी घरी आलो. जेवण समोर होतं तसंच झाकून ठेवलं. माणसाच्या हातून स्क्रू पडतो, वकील म्हणाला. मी त्याला विचारलं, याच्या हातून पडलेला तू कधी पाहिलायस? तो पहिल्यांदाच गप्प झाला.

मंगळवारी मी एका कागदावर चौकोनांची जाळी आखली आणि मधोमध एक ठिपका काढला. डोळ्यांचे डॉक्टर अशीच जाळी दाखवतात. पडद्याला इजा असेल तर रेघा वाकड्या दिसतात किंवा मधे खड्डा पडतो. ही खरी परीक्षा, पण मी ती कोडं म्हणून न्यायची ठरवली. भित्र्या माणसाला खरं बोलायला असे आडरस्ते भरपूर सापडतात.

वहिनी शेजारच्या दुकानात गेल्या होत्या. मी कागद त्याच्यासमोर ठेवला. "एक गंमत आहे. मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसतात की वाकड्या?"

त्याने बघितलं. "सरळ."

"एकेका डोळ्याने बघायचं असतं."

"हे काय पोरखेळ लावलेत?" पण त्याचा आवाज जरा उशिरा आला. त्याने आधी उजवा झाकला. "सरळ." मग डाव्यावर तळहात ठेवला आणि उजव्याने बघितलं. "हेही सरळ. झालं समाधान? आता जा, मला काम आहे."

तराजूच्या पारड्याखाली हळूच अंगठा देणारी माणसं मी तीस वर्षं पाहिली आहेत. ती कधी पारड्याकडे बघत नाहीत, गिऱ्हाइकाकडे बघून हसतात. घड्याळजी माझ्याकडे बघून हसत होता, आणि डाव्या डोळ्यावरच्या हाताची दोन बोटं त्याने फाकवून धरली होती. त्या फटीतून तो डाव्याने जाळी बघत होता.



"बोटं जुळव," मी म्हणालो.

"कसली बोटं?"

"डाव्यावरची. जुळव आणि बघ."

त्याने हात खालीच घेतला. दिव्याचं बटण बंद केलं. भिंतीवरची सगळी दुरुस्त आणि नादुरुस्त घड्याळं आपापल्या परीने टिकटिकत होती.

"हिला सांगायचं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "रविवारी दुपारपासून आहे. मधे एक डाग. बघेन तिथे पुढे पुढे सरकतो, मेला. स्क्रूवर नजर धरली की स्क्रूच गायब. मी म्हटलं, आलं. बापाचे डोळे याच वयात गेले. त्यानेही वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकांची घड्याळं दुसऱ्याकडून करून आणायचा आणि आपण केली म्हणायचा." त्याने ओठ ओले केले. "हिला कळलं तर ही उद्याच शटर ओढेल. मग मी दिवसभर करायचं काय? तुमच्याबरोबर कुंड्यांना पाणी घालू?"

तीन दिवस आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो, आणि दोघंही ती एकमेकांपासून लपवत होतो. फरक इतकाच की त्याला वाटत होतं हे वडिलांकडून आलंय.

"ते वय नाही," मी म्हणालो. "तो चौथा नंबर आहे."

मग मी सगळं सांगितलं. खटका, दहापट, एकशे चाळीस, चिमटा, चमचा, शर्ट. मीटर का मागितलं नाही, तेही. आरशासमोर काय पाठ केलं होतं तेवढं सांगितलं नाही; ते मला आठवतही नव्हतं. माझा आवाज खात्यातल्या अहवालासारखा येत होता. दुसरा कुठला आवाज मी काढला असता तर तो फुटला असता.

सगळं ऐकून तो म्हणाला, "मुद्दाम न दिसणारा लावलास."

"हो."

"मी चष्मा काढणार हे माहीत असून."

"हो."

"तीन दिवस मी मेलेल्या बापाला शिव्या घालतोय," तो म्हणाला. "आणि तू रोज येऊन माझा डोळा कसा आहे विचारत होतास."



दारात वहिनी उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काउंटरवरचा पट्ट्यांचा गठ्ठा खणात टाकला, नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला आणि शटरची काठी उचलली.

"भावजी, तो आकडा नीट लिहून घ्या. डॉक्टरला सांगायला लागेल. तुम्ही यायचंय. घरी जाऊन बसायचं नाही."

"येतोय, वहिनी."

"मी विचारत नाहीये."

डोळ्यांची डॉक्टर आमच्या मुलींच्या वयाची होती. घड्याळजीच्या डोळ्यांत तिने थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायची वाट पाहिली, मग एका यंत्रासमोर त्याची हनुवटी टेकवून बराच वेळ आत पाहिलं. वहिनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसल्या होत्या. मी उभा होतो. बसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कशाने झालं हे?" डॉक्टर यंत्रावरून नजर न काढता म्हणाली.

मी कागद काढून वाचला: आठशे आठ, एकशे चाळीस, चकचकीत चिमट्यावरून, साधारण अर्धं मिनिट, पण सलग नाही.

"बरं झालं मोजून आणलंत," ती म्हणाली. "बहुतेक लोक नुसतं 'लेझर' म्हणतात. मोजलं कुणी?"

"मीच. नंतर."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारायचं सोडून दिलं. संगणकाच्या पडद्यावर तिने आम्हाला एक करडं चित्र दाखवलं. थरांवर थर होते, आणि मधल्या खळग्याच्या बाजूला एक बारीकशी फुगवटी. "हा खळगा म्हणजे नजरेचा मधला बिंदू. अक्षर, सुई, स्क्रू, सगळं इथून दिसतं. जखम त्याला लागून आहे, त्याच्यावर नाही. केसाएवढं अंतर. सूज आहे, म्हणून आता डाग मोठा वाटतोय. सूज उतरली तर डाग आक्रसेल. किती, ते आज सांगता येत नाही. औषध देते. सहा आठवडे बारीक काम बंद, भिंग तर अजिबात नाही. मग पाहू."

"आणि आक्रसला नाही तर?" वहिनींनी विचारलं.

"तर डाव्या डोळ्याला शिकवावं लागेल."

"तो नुसता जोडीला आहे," घड्याळजी म्हणाला. आत आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

औषधं घ्यायला वहिनी पुढे गेल्या. आम्ही दोघं पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. थेंबांमुळे त्याच्या बाहुल्या बशीएवढ्या झाल्या होत्या. उन्हात त्याला डोळे उघडवत नव्हते, आणि जे दिसत होतं ते सगळं धुरकट. औषधांचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. गाड्या सुसाट जात होत्या. तो कडेला थांबला. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. मी हात पुढे केला नाही. तेवढा हक्क आता माझा राहिला आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

मग त्याने चाचपडत माझ्या शर्टाची बाही पकडली. हात नाही, नुसती बाही, दोन बोटांत.

"गाडी आहे?"

"एक आहे. जाऊ दे तिला. आता चल."

आम्ही रस्ता ओलांडला. मी आयुष्यात इतका सावकाश आणि इतका नीट दोन्हीकडे बघत चाललो नव्हतो. पलीकडच्या फुटपाथवर पाय पडताच त्याने बाही सोडली. तोंड वर करून, डावा डोळा मिटून, तो समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिला. पाणी गालावरून वाहत होतं, थेंबांमुळे वाहतंच.

"काय दिसतंय?" मला राहवलं नाही.

"धूर."

"थेंबांनी असेल. संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाली."

"धूर उतरेल," तो म्हणाला. "त्याच्या मागे डाग आहे की नाही, ते मग बघायचं." त्याने रुमाल काढून डोळ्यांवर दाबला, दोन्ही. "सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. तू यायचंस."

"येईन."

"रोज दुकानात यायची गरज नाही. विचारायचीही गरज नाही. त्या दिवशी यायचंस आणि ती सांगेल ते माझ्या शेजारी बसून ऐकायचंस."

"बरं."

वहिनी औषधाची पुडी घेऊन दुकानातून बाहेर आल्या. त्यांनी त्याचा दंड धरला आणि दोघं घराच्या दिशेने निघाले. वळणावर तो अडखळला, वहिनींनी सावरलं. मी तिथेच उभा राहून दिवस मोजू लागलो. बेचाळीस. परत मोजले, तितकेच भरले.